दुसरं घमेलं

सकाळी सातला मैत्रेयीने मोजली तेव्हा पहिल्या घमेल्यात कासवाची तीन पिल्लं होती; तिन्ही जिवंत. दुसऱ्यातही तीनच ठेवली होती. त्यातलं आता एकच जिवंत उरलं होतं.

पोळ्यानंतर नाल्याकाठची माती काढताना तिच्या वडिलांना, डोमाजींना, फुटायला आलेली सहा अंडी सापडली होती. त्यांनी ती फडक्यात गुंडाळून जपत घरी आणली; दोन दिवसांत सहाही पिल्लं बाहेर आली. मैत्रेयी त्याच वर्षी प्राणीशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. तिने दोन घमेल्यांत चार-चार बोटं माती भरली, अर्ध्या भागावर पोत्याची सावली केली, बरणीच्या झाकणात पाणी ठेवलं. खायला अंगणातल्या जास्वंदीची पानं. रोज ती प्रत्येकाचं वजन करायची, पाठीची लांबी पट्टीने मोजायची. सगळ्यात जड पंधरा ग्रॅमचं, सगळ्यात हलकं अकराचं. हलकी तीन तिने दुसऱ्या घमेल्यात वेगळी ठेवली.

"सोनं तोलून राह्यली का व?" डोमाजी हसायचे.

पण खरं वेड त्यांनाच होतं. लोकांच्या शेतात फवारणी करून संध्याकाळी आले की पाठीवरचा पंप उतरवायच्या आधी घमेल्यात डोकावायचे. "माहे नातू काय म्हणून राह्यले?" चौथ्या दिवशी पावसाची झड लागली. हलकी पिल्लं गारठलेली दिसली, तेव्हा त्यांनी गळ्यातला दुपट्टा काढून त्यांच्यावर पांघरला. "लेकरं हायत, माय. झाकू दे." सकाळी कामावर जाताना दुपट्टा उचलायचा, संध्याकाळी आल्यावर पुन्हा पांघरायचा, असा मग नेमच झाला.

सातव्या दिवशी एक पिल्लू गेलं. आज दुसरं. दोघांनाही आधी कापरं भरलं, मग तोंडाला फेस आला.

"कमजोरच होते ते," तिची आई, तुळसाबाई, म्हणाली.

मैत्रेयीनेही वहीत तेच लिहिलं होतं : वजन कमी, गारवा. डोमाजी ओट्यावर डोळे चोळत बसले होते. "मले धड दिसूनच नाही राह्यलं आज. सारं धुक्यावानी," ते म्हणाले, आणि दुपट्टा घेऊन कामावर गेले.

तिला अंदाजावर थांबवेना. माती तीच, पाणी तेच, पानं तीच. कारण वजनाचं असेल, तर जड पिल्लू तगायला हवं. तिने पंधरा ग्रॅमचं पिल्लू उचलून दुसऱ्या घमेल्यात ठेवलं. संध्याकाळी डोमाजींनी दोघांवरही दुपट्टा पांघरला, कडा नीट खोचल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंधरा ग्रॅमचं पिल्लू कापत होतं. आता दोघांच्याही तोंडाशी फेस होता.

तिने घमेल्यातली एकेक वस्तू बाहेर काढून पाहिली. झाकण. पानं. पोतं. पहिल्या घमेल्यातही हे सगळं होतं. शेवटी हातात दुपट्टा उरला. तिने तो नाकाशी नेला आणि झटकन दूर धरला.

"आन इकडं, उशीर होते," डोमाजींनी हात पुढे केला. "विठ्ठलरावच्या वावरात जायचं हाय. कपाशी डोक्याच्या वर गेली. दुपट्टा नसन तं औषध सारं तोंडातच जाते."

"बाबा, हा कधीपासून बांधता तोंडाले?"

"पोळ्यापासून. एकच तं हाय."

"धुतला कधी?"

"आता कायले धू? रोज तं पुन्हा भिजतेच."

दुपट्टा हातात तसाच धरून ती उभी राहिली. फवारणीच्या विषाने डोळ्याची बाहुली आकसते आणि अंधारातही उघडत नाही, हे तिने वर्गात लिहून घेतलं होतं. परीक्षेत त्याचे दोन गुणही मिळाले होते.

"बाबा, आत या. आई, तूही ये."

"आता आमाले तोलतं का?" डोमाजी हसत आत आले. चौकटीशी त्यांचा पाय अडखळला.

स्वयंपाकाच्या खोलीला खिडकी नव्हती. तिने दार लोटून घेतलं, फक्त फट ठेवली. पिल्लांची पट्टी तिने आधी आईच्या डोळ्याखाली धरली.

पाच मिलिमीटर.

मग बाबांच्या.

एक मिलिमीटर.