सिंक

साहेबांच्या तोंडून वाईट बातमी कधी मराठीत निघायचीच नाही. मशीन मोडलं की ‘ब्रेकडाउन’, माल सडला की ‘वेस्टेज’, माणसं काढली की ‘डाउनसायझिंग’. बिस्किटांच्या त्या कारखान्यात साहेबांचं इंग्रजी उलगडून सांगायचा मान हेडक्लार्कचा. सगळे त्यांना ‘डिक्शनरी’ म्हणायचे आणि त्यांनाही ते गोड लागायचं.

शनिवारी साहेबांनी सगळ्यांना पॅकिंगच्या हॉलमध्ये बोलावलं. घसा खाकरला, चष्मा पुसला आणि खालमानेनं म्हणाले, “वी आर सिंकिंग.”

सगळ्या माना डिक्शनरीकडे वळल्या.

“अहो, आपण मोबाइल कॉम्प्युटरशी सिंक करतो ना, तसं!” डिक्शनरी छाती फुगवून म्हणाले. “सगळी खाती आता एकमेकांशी जुळतायत. बसला एकदाचा मेळ!”

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. साहेबांचे डोळे भरून आले. शेजारी उभ्या असलेल्या मेहुण्याच्या कानात ते पुटपुटले, “बुडतोय म्हणून सांगितलं, तरी टाळ्या वाजवतायत. असली माणसं शोधून सापडायची नाहीत रे!”

सोमवारी सकाळी गेटला हे भलंमोठं कुलूप. पुन्हा सगळ्या माना डिक्शनरीकडे वळल्या. त्यांनी कुलूप ओढून पाहिलं. पुन्हा एकदा ओढून पाहिलं. पण आजवर ते एकाही शब्दाला अडले नव्हते.

 

“घाबरू नका रे,” ते म्हणाले, “सिंक होताना सिस्टिम थोडा वेळ बंदच ठेवतात.”