पन्नास ग्रॅमची घंटी

भीमेच्या घळीकडे उतरणाऱ्या फाट्यावर शिदाप्पाची चहाची टपरी होती. गेल्या वर्षी इथल्याच उतारावर त्याची बायको डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन चालली होती. मागून आलेल्या सायकलवाल्याने उडवलं, ती जागीच गेली. त्या सायकलला घंटीच नव्हती. आज सोलापूरहून सायकलवर आलेल्या एकाने चहा संपवून नदीपलीकडे जायची वाट विचारली. “आधी घंटी वाजवा की,” शिदाप्पा म्हणाला. पाहुणा हसला. “काढून टाकली, काका. तेवढंच पन्नास ग्रॅम वजन कमी.” शिदाप्पाने डावीकडचा वळणाचा उतार दाखवला. “बिनघोर सोडा. ब्रेकला हात लावायचं काम न्हाय.” थोड्या वेळाने पाहुण्याचा मागे पडलेला जोडीदार सायकलवर आला. टपरीपाशी शेळी आडवी आली, तशी त्याने घंटी वाजवली. शिदाप्पाने त्याच्यासाठी कप विसळला. “तुमी उजवीकडनं जावा,” तो म्हणाला. “डावीकडचा पूल औंदाच्या पुरात वाहून गेलाय.”