मावशींनी मान वर केली

"हं, बोला आता. मी काही चावत नाही," असं म्हणत बगळ्याने मोबाइल स्टुडिओवाल्याच्या तोंडासमोर धरला.

बगळा पक्ष्यांचे फोटो काढायचा. गुडघाभर पाण्यात तासन्‌तास एका जागी उभा राहायचा, म्हणून मित्रांनी हे नाव ठेवलेलं, आणि त्यालाही ते आवडायचं. येत्या प्रदर्शनात प्रत्येक फोटोग्राफरने आपला सगळ्यात आवडता फोटो लावायचा आणि तो कसा मिळाला ते स्वतःच्या आवाजात सांगायचं, ही कल्पना त्याचीच. स्वतःचं तो आधीच बोलून मोकळा झाला होता. त्यात चिखल होता, जळवा होत्या, ओले मोजे होते. पक्षी अगदी शेवटी होता.

स्टुडिओवाल्याचा फोटो काउंटरमागच्या भिंतीवर होता. एक म्हाताऱ्या बाई, हनुवटी जराशी वर, हसताहेत.

"या आमच्या शेजारच्या बॅटरीवाल्याच्या आई," त्याने घसा खाकरला. "मी मावशी म्हणतो. मुलाने बळंच आणून बसवलं होतं. खुर्ची खिडकीशी घेतली, दिवे बंद केले, सगळा उजेड बाहेरचा. निळा स्वेटर. सगळं जमून आलं, पण मावशी काही वर बघेनात. गालावर मोठा काळा डाग आहे, जन्मापासूनचा. कॅमेरा दिसला की तोंड फिरवायचं, ही सवयच लागलेली. विनोद सांगून झाले, चहा पाजून झाला. शेवटी म्हटलं, मावशी, तो डाग आपण फोटोतून काढून टाकू. तर म्हणतात कशा, 'खरंच निघतो?' आणि मान वर करून हसल्या. तिथंच टिपला."

"डाग मी काढला," कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपुढून बायको म्हणाली. "तेही बोला."

"हिने काढला. असा काढला की मागमूस नाही."

"वा!" बगळा म्हणाला.

तेवढ्यात बॅटरीवाला आत आला. डोक्यावरचं हेल्मेटसुद्धा काढलेलं नव्हतं. हातात तोच फोटो, घरच्या भिंतीवरून उतरवलेला, फ्रेमसकट.

"दादा, आई सकाळपासून सापडत नाहीये. हल्ली विसरते ती, तुम्हाला माहीतच आहे. दार उघडं राहिलं."

"अरे, बस आधी. कुठे कुठे बघितलंस?"

तो बसला नाही. "बस स्टँडवर गेलो होतो. चौकशीच्या खिडकीतल्या माणसाला हा दाखवला. म्हणाला, या बाई नाही पाहिल्या. एक म्हातारी बसली होती त्या बाकावर, पण तिच्या गालावर हा एवढा डाग होता. मी म्हटलं, बरं. आणि पुढे गेलो, दादा. चौकात आल्यावर कळलं मला, मी काय ऐकलं ते. धावत परत गेलो. बाक रिकामा."

बगळ्याने मोबाइल बंद करून खिशात टाकला.

"मला डागवाला फोटो द्या," बॅटरीवाला म्हणाला. "पोलिसांनाही तोच हवाय. माझ्या मोबाइलमध्ये आहे ती, पण सगळीकडे पाठमोरी. नाहीतर पोरांच्या मागे नुसता हात."

स्टुडिओवाल्याने बायकोकडे पाहिलं.

"मूळचा नाही हो राहिला," ती म्हणाली. "मावशी इथंच माझ्या शेजारी स्टूल ओढून बसल्या होत्या. म्हणाल्या, जुना ठेवू नकोस बाई, माझ्यासमोर पुसून टाक. पुसला मी. केवढ्या खूश झाल्या होत्या!"

"मग परत घाल की! काढता येतो तर घालता येत नाही?" स्टुडिओवाला म्हणाला.

तिने फोटो उघडलाच होता. मावशी स्क्रीनभर हसू लागल्या. तिने एक काळा ठिपका घेतला, ओढून मोठा केला, कडा वेड्यावाकड्या केल्या.

"कुठल्या गालावर?"

"अगं, डाव्या..." स्टुडिओवाला अडखळला. "थांब. त्या माझ्यासमोर. खिडकी इकडे." खिडकी त्याला आठवत होती. स्वेटरच्या बाहीवर उजेड कसा पडला होता, तेही आठवत होतं. "तू काढलास ना? मग तुला नको ठाऊक?"

"दिवसभर तेच तर करते मी," तिचा आवाज रडवेला झाला. "पुटकुळ्या, वण, डोळ्यांखालचं काळं. कोणाचं कुठे होतं, कसं लक्षात राहणार?"

मग तिघंही बॅटरीवाल्याकडे बघू लागली.

त्याने हेल्मेट काढलं. एक हात स्वतःच्या गालाला लावला, काढला, दुसरा लावला. मग भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, पुढ्यात गॅस असल्यासारखा. "ती अशी स्वयंपाक करत असते. मी दारातून येतो, तेव्हा ती..." त्याने मान वळवली. मग पाय उचलून अख्खाच वळला. "नाही. मी आलो की ती फिरून उभी राहते. या बाजूला बसलो की अशी, त्या बाजूला बसलो की तशी."

"हे बघा," स्टुडिओवाल्याच्या बायकोने डाग डावीकडे ठेवला. "अशा?"

"हो, हो, अशीच!"

"नक्की ना?" तिने तो उचलून उजवीकडे ठेवला. "का अशा?"

तो स्क्रीनजवळ वाकला.

"हीपण आईच वाटते."

"दोन्ही छापा, वहिनी," बगळा हळूच म्हणाला. "जाऊ दे त्याला."

दोन्ही फोटो घेऊन बॅटरीवाला बाहेर पडला. पायरीवर थांबला. एक वर ठेवला, एक खाली. मग खालचा वर घेतला. मग पुन्हा खाली घातला.