स्टर्मरच्या झाडाखाली

मृदुलाने हिरव्या सफरचंदाच्या फोडीला तिखट-मीठ लावलं आणि डोळे मिटून कचकन दात रोवले. हॅमिल्टनमध्ये कैरी कुठून आणायची, हा प्रश्न परसातल्या जुन्या झाडाने सोडवला होता. सातवा महिना लागल्यापासून तिला दुसरं काही गोडच लागत नव्हतं.

लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याहून आलेल्या शांताबाई झाडाखाली मेथी खुडत होत्या. जन्म फ्लॅटमध्ये गेलेला, त्यामुळे माती दिसताच त्यांनी आधी वाफा केला होता. "कशी स्वच्छ माती आहे बघ," त्या पुन्हा म्हणाल्या. "औषधालासुद्धा किडा सापडायचा नाही."

कुंपणापलीकडे शेजारची जोन उभी होती. ही सगळी गल्ली तिच्या वडिलांची बाग होती, तेव्हापासून ती इथेच राहत होती.

"स्टर्मर सफरचंद आत्ता नाही खायचं गं," तिने मृदुलाला इंग्रजीत दटावलं. "जुनी जात आहे ती. झाडावर नुसता दगड. पेटीत भर, हिवाळा जाऊ दे, साल सुरकुतली की मग गोडी येते. तोवर तुझं बाळही येईल."

"मला आंबटच हवंय," मृदुला हसली. "आणि एकही फळ किडलेलं नाही. अगदी ऑरगॅनिक!"

"ऑरगॅनिक?" जोनही हसली. "आमचे डॅड कीड मारायला दर वर्षी शिसं आणि आर्सेनिक फवारायचे. झाडं पांढरी व्हायची. फळांना आता काही होत नाही, धुऊन खा. पण ते मातीतून जात नाही. आमच्या कोंबड्या त्या झाडाखाली चरायच्या, एक जगली नाही." मग तिची नजर शांताबाईंच्या टोपलीकडे गेली. "तिथलं काही खात नाही ना तुम्ही?"

मृदुलाने हातातली फोड खाली ठेवली. मेथी तर रोजचीच होती. पण मेथीचं एक वेळ सांगता आलं असतं. वाफ्याला पाणी घातलं की सुटणाऱ्या मातीच्या वासाने तिला राहवत नसे, तोंडाला पाणी सुटे. आणि डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचा कान फुटतो, म्हणून आईच ती माती चाळून, तव्यावर भाजून तिला देत होती.

मृदुलाने दोन्ही हात पोटावर घट्ट धरले.

इंग्रजी न कळणाऱ्या शांताबाई टोपली घेऊन जवळ आल्या. लेकीचा चेहरा पाहून त्यांना वाटलं, हिला पुन्हा मातीची इच्छा झाली. त्यांनी कमरेची डबी काढून उघडली.

"घे," त्या मायेने म्हणाल्या. "तिच्यासमोर लाजतेस काय? बाळ मागतंय ते."