छर्‍यांची काडतुसं

कोंबड्यांच्या खुराड्याखाली शेपटी खुळखुळवणारा विषारी साप शिरला, म्हणून ऑर्विल स्वयंपाकघरातल्या टेबलावर रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांत गोळीऐवजी पसरून लागणारे बारीक छर्रे भरत होता. त्याची बायको वर्ना काडतुसांच्या तोंडावर बसवायला लोखंडी पंच आणि हातोडीने पुठ्ठ्याच्या गोल चकत्या पाडत होती. काल टक्सन शहरातून आलेला तिचा धाकटा दीर म्हणाला, "दादा, एका गोळीत सापाचं मुंडकं उडवायचास तू. आता छर्रे? डोळे गेले वाटतं." ऑर्विलचा हात थांबला. "यांचे कशाला जातील?" वर्ना म्हणाली. "माझ्यासाठी भरताहेत. समोर बैल उभा असला तरी माझा नेम चुकतो." दीर हसतच हात धुवायला गेला. तो परतायच्या आत तिने कपाटावरचं कार्ड उतरवलं, यंदाच्या जत्रेतलं, नेमबाजीच्या पहिल्या बक्षिसाचं. त्यावरच्या स्वतःच्या नावावरच पंच ठेवून हातोडी मारली. ऑर्विलने ती चकती काडतुसावर बसवली आणि रिव्हॉल्व्हर तिच्याकडे सरकवलं. "साप तूच मार. मला आता नुसता खुळखुळाट ऐकू येतो."