सोळा मीटर

फाटकासमोर टायर घासल्याची काळी खूण दिसली आणि फिजिक्सच्या सरांचा पारा चढला.

"तीसच्या वर जात नाही म्हणतेस ना? थांब, आत्ताच सोक्षमोक्ष लावतो!" असं लेकीला सुनावत ते टेप घेऊन रस्त्यावर गुडघ्यांवर बसले. "सोळा मीटर. शेवटचा वेग शून्य, मंदन सात धरू..." लाइट बिलाच्या पाठीवर त्यांनी समीकरण मांडलं, वर्गमूळ काढलं आणि उत्तराखाली दोनदा रेघ ओढली. "चोपन्न! घरासमोर ताशी चोपन्न! आण ती स्कूटरची किल्ली इकडे."

"कित्ती वेळा सांगितलं हिला!" आईने फाटकातूनच सूर मिळवला. "मी बघ, कार कशी गोगलगायीसारखी दारात आणते. शीक जरा."

लेकीने किल्ली बाबांच्या हातावर ठेवली, मग बिल घेऊन समीकरण वरपासून खालपर्यंत तपासलं.

"उत्तर अगदी बरोबर आहे बाबा. फक्त तुम्ही मोजलीत तशीच आणखी एक खूण तिच्या शेजारी आहे, तीही सोळा मीटरच भरेल. तेव्हा माझी किल्ली द्या परत, आणि आईकडून कारची घ्या."