त्या बहिणीसाठी

बायको कालव्यात सापडली तेव्हा तो एका कारखान्यात पंपाच्या खड्ड्यात उतरून काम करत होता. वरून कोणीतरी त्याला हाक मारली. ग्रीसने बरबटलेले हात तसेच घेऊन तो कालव्यावर पोचला, आणि त्या हातांनी तिला शिवावं की शिवू नये, हेच त्याला कळेना. चर्चचे पाळक त्याच्या आधी येऊन थांबले होते. त्यांनी त्याला पाठीमागून धरलं आणि जमलेल्या माणसांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाय घसरला हो. पायऱ्यांवर शेवाळ किती आहे बघा."

शेवाळ होतंच. ते त्यानेही पाहिलं. पोलिसांना त्याने तेच सांगितलं, मेहुण्याला तेच सांगितलं. पण भर दुपारी ती तिथे गेली कशाला, हे त्याला कोणी विचारलं नाही. तो मात्र घरी आला की स्वतःला तेवढंच विचारायचा. पाय घसरला, दुसरं काही नाही, असं कोणीतरी छातीठोकपणे सांगायला हवं होतं. म्हणजे निदान डोळ्याला डोळा लागला असता.

मातीनंतर काही आठवडे गेले आणि एका बुधवारी तो प्रार्थनासभेला गेला. मंडळीत त्याला भोंगा म्हणत. त्याची प्रार्थना बाहेर रस्त्यावर ऐकू जायची. बायको म्हणायची, "अहो, देव बहिरा नाहीये. शेजारी मात्र होतील." त्या दिवशी भोंगा आलेला पाहून लोकांनी सरकून त्याला जागा दिली. जागा मिळाली ती समुपदेशक बाईंच्या शेजारी.

बाई याच मंडळीतल्या. दवाखान्याच्या वर त्यांची खोली होती. मन जड झालेली माणसं तिथे जाऊन बोलत. त्यावरून तो त्यांची खूप थट्टा करायचा. "आपला प्रभू ऐकून घेत नाही का, बाई? परक्यापुढे घरचं कशाला उगाळायचं?" बाई हसून म्हणायच्या, "प्रभूनेच मला कान दिलेत, भाऊ."

सभेची रीत अशी होती. ज्याच्यासाठी प्रार्थना हवी त्याचं नाव सांगायचं. नाव झाकायचं असेल तर एक बंधू किंवा एक बहीण म्हणायचं, आणि मग ते कोण हे कोणी विचारायचं नाही. बाई कितीतरी दिवस एका बहिणीसाठी प्रार्थना मागत होत्या. "तिचं मन फार थकलंय," एवढंच सांगायच्या. जास्त बोलणं त्यांच्या पेशाला चालत नव्हतं, आणि प्रार्थना न मागणं त्यांच्या मनाला. त्या अनोळखी बहिणीसाठी सगळ्यांत मोठ्याने रडायचा तो भोंगा.

"आणि आपली ती बहीण?" पाळकांनी विचारलं. "बाई, बरेच बुधवार तुम्ही तिच्याबद्दल बोलला नाहीत. आज तिच्यासाठी मागायचं ना?"

"तिच्यासाठी आता नको," बाई म्हणाल्या.

क्षणभर कोणालाच काही उमगलं नाही. मग पाळकांचा चेहरा उजळला. "ऐकलंत? आता गरज नाही! प्रभूची स्तुती असो!"

आमेनचा एकच गजर झाला. लोक टाळ्या वाजवू लागले. पुढच्या बाकावरची म्हातारी पदराने डोळे पुसत म्हणाली, "बघा, गोळी नाही की डॉक्टर नाही. नुसत्या प्रार्थनेने उठवलं पोरीला!" बाईंनी हात वर केला, काहीतरी म्हणाल्या. पण तोवर कोणीतरी गीत उचललं होतं आणि सगळे उभे राहून गात होते.

बसून राहिले ते दोघंच. तो बाईंकडे वळला.

"बाई, ती आमची होती का?"

"मला सांगता येत नाही, भाऊ."

"मग आमची नव्हती म्हणा. तेवढं तर म्हणता येईल ना? नव्हती म्हणा, मी उठून जातो."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. पण तेवढा एक शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही.

लोक गात होते. तो बाकाची कड धरून बसला होता. बुधवारी सभेहून घरी गेलं की तो बायकोला सगळं सांगायचा. डोकं दुखतं म्हणून शेवटचे काही महिने ती सभेला येत नसे. एकदा हात धुता धुता तो म्हणाला होता, "कोण असेल गं ती बहीण? तिला नवरा आहे की नाही? असला तर आंधळाच असणार."

"आंधळा कशाला असेल?" ती ताट वाढत म्हणाली होती. "कामात असेल बिचारा. तुम्ही मागितलंत ना तिच्यासाठी?"

"मागितलं तर! घसा बसला माझा."

"मग झालं. बसा जेवायला."

गीत संपलं. लोक खाली बसले. पाळकांनी त्याच्याजवळ येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बंधू, स्वतःवर एवढा घाला पडलेला असताना तुम्ही आलात. त्या बहिणीसाठी तुमच्याइतकं कोणी रडलं नाही. आता आभारही तुम्हीच माना."

सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि डोळे मिटले. तो उभा राहिला. मग बाकांमधून वाट काढत बाहेर निघून गेला. बिचाऱ्याला बायको आठवली असेल, असं लोक म्हणाले, आणि ते खरंही होतं.

ती बहीण कशी बरी झाली, हे मंडळी आता नव्या लोकांनाही सांगते. तो ऐकतो. पाळक दर बुधवारी त्याच्याकडे पाहतात आणि म्हणतात, "घाई नाही, बंधू, सावकाश." आभाराची प्रार्थना अजून व्हायची आहे.